बाण वेचणारी

गेल्या उन्हाळ्यात लातूरहून नांदेडमार्गे माहूरगडास जाण्याचा योग आला, तेव्हा आमची बारा वर्षांची भाची बरोबर होती आणि तिच्या हाती एक अमेरिकन चित्रकथा होती. त्या कथेची नायिका केट बिशप. ही धनुर्धारी मुलगी प्रथम २००५ साली वाचकांसमोर आली आणि तोवर एका पुरुष धनुर्धराचे असलेले ‘हॉकआय’ हे नाव तिनेही धारण केले. तिच्या सोबत्यांत कोणी अचाट बळाचा, कोणी मंत्रविद्येचा. हिच्यापाशी मात्र सरावलेल्या हातापलीकडे काही नाही. मुलींना ती जवळची वाटते ती बहुधा याचमुळे. दैवी वरदान मागून मिळत नाही. हात मात्र सरावाने घडविता येतो.

स्त्रीच्या हाती धनुष्य देण्यात चित्रकारांचा काही संकोच तर नसेल, अशी शंका आम्हांस प्रथम आली. बाण दुरून लागतो, आणि नायिकेच्या अंगावर रक्ताचा शिंतोडा उडत नाही! परंतु ही शंका फार वेळ टिकली नाही. आमच्या पुराणकारांनी नरकासुराच्या युद्धात सत्यभामेच्या हाती धनुष्य दिले, आणि स्त्रीराज्याच्या प्रमिलेस तर प्रत्यक्ष अर्जुनासमोर उभे केले. तेथे नाजूकपणाचा प्रश्न कोणास पडला नाही.

खरा प्रश्न निघाला तो माहूरच्या वाटेवर. गडावरील देवीची कथा सांग, असा भाचीचा हट्ट पडला, म्हणून महाभारताच्या अनुशासनपर्वातील कथा आम्ही मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. जमदग्नी ऋषी धनुर्विद्येची क्रीडा करीत बाण सोडीत आणि रेणुका धावत जाऊन ते वेचून आणी. ज्येष्ठातील दुपार, डोके आणि पाय पोळले म्हणून ती झाडाच्या सावलीत क्षणभर थांबली. उशीर झाल्याने ऋषी कोपले. कारण कळताच त्यांनी सूर्यावरच बाण रोखला. तेव्हा सूर्य ब्राह्मणरूपाने शरण आला आणि त्याने छत्री व पादत्राणे दिली.

“मग पुढचे बाण कोणी आणले?” भाचीने विचारले.

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. पतिसेवा, कालमान, असे दोन-चार शब्द आम्ही उच्चारून पाहिले. ते आमचे आम्हांसच पोकळ वाटले. ऋषींच्या क्रोधात पत्नीविषयीची कणव आहे, हे नाकारता येणार नाही. पण ती कणव सूर्यापर्यंत पोहोचली आणि बाणापर्यंत पोहोचली नाही. वेचणारीचे पाय भाजू नयेत याची तजवीज झाली; वेचणे तिच्याकडेच का, हे कोणी पुसले नाही. आमच्या सुशिक्षित घरांतूनही हाच न्याय चालतो. स्वयंपाकघरात पंखा बसविला की आपले कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांत आम्हीही आहोत.

आणि नवी चित्रकथा तरी याहून पुढे गेली आहे काय? आम्ही चाळलेल्या पानांत केटचे बाण सुटताना दिसले, लागताना दिसले. कोणी ते परत वेचताना दिसले नाही. पुराणाने निदान वेचणारीस नाव दिले, आणि माहूरात तिच्या मुखाची पूजा होते.

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या १७ व्या वर्षी कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक प्रकारात सुवर्णपदक मिळविले. अंतिम सामन्यात तिने १५० पैकी १४९ गुण घेतले, हे सर्वांनी वाचले. या खेळाच्या पात्रता फेरीत ५० मीटरवरून ७२ बाण सोडावयाचे असतात. सहा सोडले की लक्ष्यापर्यंत चालत जाऊन ते उपटून आणावयाचे. म्हणजे एका फेरीत जाऊन-येऊन १,२०० मीटरांची चाल. सरावाच्या दिवसांत ती किती होत असेल, याचा हिशेब भाचीने गाडीतच मांडावयास घेतला. सोडणारी तीच आणि वेचणारीही तीच, हे तिला विशेष आवडले.

गडाच्या पायथ्याशी आम्ही चपला काढल्या. भर दुपारची वेळ; पायऱ्यांचे दगड तापले होते. आम्ही छत्री उघडून तिच्यापुढे केली.

“मामा, ती तुम्हीच धरा,” असे म्हणून ती भराभर वर चढू लागली.