बेहड्याखाली थांबलेला रथ

सांगलीच्या कॉलेजात 31 वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. आता मुलाकडे सॅन होजेला असते आणि दर गुरुवारी दुपारी एका कार्डरूममध्ये चार-आठ डॉलरच्या लिमिट होल्डेम पोकरला बसते. सूनबाई याला ‘आईंचा सत्संग’ म्हणते.

तीन पत्तीसारखं इथे रक्कम फुगवून कुणाला घाबरवता येत नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत बोली चारचीच, पुढच्या दोन फेऱ्यांत आठची. चार डॉलरला कोण भितो? दहातले सात जण आत येतातच. म्हणून हाती आलेले पहिले दोन पत्ते ठेवायचे की टाकायचे, यातच निम्मी विद्या. 52 पत्त्यांतून दोनाच्या 1326 जोड्या होतात. पत्ते कोणते आणि एकरंगी की दुरंगी एवढंच पाहिलं तर प्रकार 169. बहुतेक टाकायचे. दुरंगी एक्का-दश्शी दिसते तेवढी गर्दीत चालत नाही. उलट चव्वीची जोडी स्वस्तात मिळाली तर घ्यावी: फ्लॉपला, म्हणजे मधे उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत, तिसरी चव्वी साधारण साडेआठ वेळांत एकदा पडते, आणि पडली की पैसे द्यायला सहा जण बसलेले असतात.

एक्क्यांची जोडी 221 डावांत एकदा. नऊच्या नऊ जण डोळे झाकून शेवटपर्यंत थांबले, तर तीही तीनात दोनदा हरते. तरी तिच्याहून चांगला हात नाही, कारण घालायचा दहावा हिस्सा आणि सरासरीने मिळायचा जवळजवळ तिसरा. बरोबर असणं आणि जिंकणं यांची अशी फारकत मी फळ्यावर सहज मांडून दाखवीन.

परवा एक्के आले. शेजारचे आजोबा किल्वरची नव्वी-चव्वी घेऊन आले आणि दोन जोड्या लावून ढीग ओढून घेऊन गेले. पुढच्याच डावात मला दुरंगी राजा-सत्ती. टाकायची. मी चार डॉलर पुढे सरकवले.

द्यूतात राज्य हरून सारथी झालेला, महाभारताच्या वनपर्वातला नल तेव्हा आठवला. त्याचा राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या दोन फांद्यांवरची फळं नुसत्या नजरेने सांगतो: 2095. नल मोजून पाहतो, आकडा जुळतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो अक्षहृदय, म्हणजे फाशांचं गुपित, शिकतो आणि त्याला द्यूतात बुडवणारा कली विष ओकत त्याच्या देहातून बाहेर पडतो. पूर्वी मला वाटायचं, गणिताने कली जातो. माझ्या संख्याशास्त्राची फुशारकी, दुसरं काय! 169 हात पाठ असूनही माझा गेला नाही. नलाचा कली म्हणे त्या बेहड्यातच शिरला. त्याच बेहड्याचं चूर्ण मी त्रिफळ्यातून रोज रात्री घेते.

हल्ली त्या गोष्टीत मला आकड्यापेक्षा रथ दिसतो. नलाच्याच बायकोचं स्वयंवर दुसऱ्या दिवशी, वाट विदर्भाची, ऋतुपर्ण घाई करतोय, आणि नल लगाम खेचून खाली उतरतो. मोजल्याशिवाय निघणार नाही म्हणतो. युधिष्ठिराला असं उतरता आलं नाही. द्यूताला बोलावलं की नाही म्हणायचं नाही, हे त्याचं व्रत. द्रौपदीने सोडवल्यावरही दुसऱ्या बोलावण्याला तो परत गेला. नलाची ही गोष्ट सांगणाऱ्या बृहदश्व ऋषींनी त्याला पुढे अक्षहृदय शिकवलं, पण ते खेळायचं शास्त्र. उठायचं कुणी शिकवलं का, हे मी वनपर्वात पुन्हा शोधते आहे.

राजा-सत्तीने त्या डावात 22 डॉलर जिंकले. घरी कुणाला सांगितलं नाही.