साप पाहिला, माणूस नाही

आजचं वचन: प्रेषितांची कृत्ये 28:3-6

जहाज फुटल्यावर माल्टा बेटावर पौल शेकोटीत काटक्या टाकतो आणि धगीने बाहेर आलेला साप त्याच्या हाताला लटकतो. तो कोणता साप? लूकने वापरलेला ग्रीक शब्द घोणस-फुरसं यांच्या कुळाकडे बोट दाखवतो. पण माणसाला मारेल असा विषारी साप आज माल्टात नाही, म्हणून नेमकी जात सांगता येत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. साप दिसताच लोक म्हणाले, हा खुनी असणार. पौल मेला नाही, तर म्हणाले, हा देव आहे! दोन्ही निकाल चुकीचे.

आमच्या परभणीकडेही कापूस वेचताना, सरपण उचलताना कुणाला साप चावला, की कुजबुज होतेच, "काय पाप केलं असेल?" अरे, साप पाप बघून चावत नाही, हात-पाय पडला की चावतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषांवर सरकारी दवाखान्यात एकच इंजेक्शन चालतं. साप शोधत बसू नका, निकालही देऊ नका. गाडी काढा.

प्रभू, दुखावलेल्याचा न्याय करण्याआधी त्याचा हात धरायला आम्हाला शिकव. आमेन.