वाळूचा धनी

नांदेडकडे असताना आम्ही चर्चचे एक लहानसे सभागृह बांधावयास काढले. गोदावरीचीच वाळू हवी, असा गवंड्याचा हट्ट होता. रात्री दोन ट्रक आले आणि पहाटेपूर्वी रिकामे होऊन गेले. पावती आम्ही विचारली नाही. चोरीचा माल घेऊ नये असे वेदीवरून सांगणाऱ्या आम्हांस तो ढीग पाहून चोरी आठवली नाही. नदीला धनी नसतो, असेच आपण सारे मानत आलो आहोत.

वस्तुतः वाळूचा थर पुराचे पाणी पोटात धरतो व उन्हाळ्यात काठच्या विहिरींना पुरवितो. तो खरवडला की विहिरीचे पाणी खोल जाते. आणि ज्या बाईचा पोहरा कोरडा वर येतो, तिने आमच्याशी कसलाही सौदा केलेला नसतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्याचा सारा दोष वाळूउपशावर ढकलणे न्याय्य नव्हे. अवर्षण होते, ऊसही होता. पण अशा तहानलेल्या मुलखात नदीची ओल विकणाऱ्यांत आम्हीही गिऱ्हाईक होतो. शुभवर्तमानातल्या मूर्खाने निदान वाळू जागेवर तरी ठेवली होती!

दुसरा मार्ग नव्हता, असेही म्हणता येत नाही. काळा दगड फोडून केलेली वाळू काँक्रीटला चालते, हे १९७० च्या भारतीय मानकातही नमूद होते. २०२५ साली राज्य शासनाने तिच्यासाठी धोरणही आणले. गवंड्यांची तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. तिचे दाणे टोकदार, म्हणून माल ताठर होतो. मग पाणी वाढवावे तर काँक्रीट कमजोर होते. दाणा नीट घडवून, चाळून, धुऊन घेतला तरच ती वाळू. एरवी ती खडीयंत्राखालची भुकटी. किल्लारीची घरे दगडमातीची होती, त्यात कुणाची लबाडी नव्हती. तरी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्यांच्याखाली हजारो माणसे गेली. ते पाहिलेल्या मुलखात धूळ वाळू म्हणून विकणे आम्हांस साधी भेसळ वाटत नाही.

यंदा कुंपणाच्या भिंतीसाठी आम्ही स्वतः खडीकेंद्रावर गेलो, वाळू मुठीत घेऊन पाहिली, पावती मागून घेतली. मन हलके झाले होते. परतताना मागचा अर्धा कापलेला डोंगर दिसला आणि त्याच्या पायथ्याचे सोयाबीनचे शेत. पाने राखाडी पडली होती. त्या शेताच्या धन्याशी आम्ही अजून बोललेलो नाही.