गठ्ठा

आमच्या डोंबिवलीत ‘गठ्ठा’ हा शब्द मोठ्या तुच्छतेने उच्चारला जातो. निकालाच्या दिवशी सोसायटीच्या कट्ट्यावर चार माणसे जमली, की कोणीतरी हमखास म्हणते, “तिकडच्या वस्तीचे काय घेऊन बसलात, तिथे गठ्ठा पडतो!” ही ‘तिकडची वस्ती’ कोणती, हे बोलणाराच्या पत्त्यावर अवलंबून असते. ती रुळांपलीकडची असेल, खाडीकाठची असेल. स्वतःची मात्र ती कधीच नसते. आपण विचार करून मत देतो!

मी शाळामास्तर. निवडणूक आली, की आम्हा मास्तरांना सरकार केंद्रावर नेऊन बसवते. बोटाला शाई लावण्याचे पुण्यकर्म मीही केले आहे. तिथले गुपित बाहेर न सांगण्याचे बंधन 1951 च्या कायद्याच्या 128 व्या कलमाने माझ्यावर घातले आहे, आणि ते मी पाळतो. परंतु मतमोजणीनंतर ‘नमुना 20’ नावाचा तक्ता प्रसिद्ध होतो. कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे त्यात कोणीही पाहावे. आमच्यासारख्यांच्या गल्ल्यांचे आकडे त्यात जरूर वाचावेत. गठ्ठा म्हणजे काय, ते कळते.

डोंबिवलीचा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाल्यावर तिथली पहिली निवडणूक 2009 साली झाली. तेव्हापासून 2014, 2019 आणि 2024 धरून चारही वेळा भारतीय जनता पक्षाचे रवींद्र चव्हाणच निवडून आले. त्याआधी 1977 आणि 1980 साली ठाण्यातून लोकसभेवर गेलेले रामभाऊ म्हाळगी मुळात जनसंघाचेच. माझे कोणत्याही पक्षाशी भांडण नाही. नातवाने आजोबांचे मत चालवावे, यातही पाप नाही. पण त्याला ‘विचार’ म्हणायचे, आणि पलीकडच्या आळीने तेच केले की ‘गठ्ठा’ म्हणायचे, हा कुठला न्याय?

शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले; हिशेबाचे पक्के. ते म्हणाले, “मास्तर, आम्हाला कोणी सांगत नाही. आम्ही वेगवेगळा विचार करतो आणि एकाच उत्तराला येतो.” वर्गात तीस मुलांचे उत्तर एकच आले, तर मी काय समजतो, हे मी त्यांना सांगितले नाही.

खरे म्हणजे तिकडच्या गठ्ठ्यामागे विचार असतोच. एकट्यादुकट्याच्या मताला नळ येत नाही. साऱ्या चाळीने मिळून मागितला तर कदाचित येतो. हा सौदा आहे खरा. पण सोसायटीच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेण्यासाठी आमची कमिटी उमेदवाराला चहाला बोलावते, तेव्हा त्याला आपण काय म्हणतो? ‘विकासकाम’! नळाला लाच म्हणायचे आणि अंगणाला विकास. (शिवाय आमच्यातले कितीतरी जण त्या दिवशी लोणावळ्याला असतात. 2019 च्या लोकसभेला कल्याण मतदारसंघात निम्म्याहून कमी लोकांनी मत दिले.)

मला डाचते ते निराळेच. माणसाचे मत गुप्त असते, पण त्या तक्त्यामुळे गल्लीचे मत उघडे पडते. पूर्वी आवश्यक वाटेल तिथे अनेक केंद्रांच्या कागदी मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत. मतदानयंत्रे आली आणि ती सोय गेली. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारे ‘टोटलायझर’ वापरावे, असे निवडणूक आयोगाने 2008 साली सुचवले. 2015 साली विधी आयोगानेही तीच शिफारस केली. ते अमलात आलेले नाही. आता कोणी म्हणेल, तक्ता उघडा आहे म्हणूनच गैरप्रकार पकडता येतो. तेही खोटे नाही. पण निवडून आलेल्याने तो तक्ता हाती घेऊन ‘या गल्लीने मला मते दिली नाहीत’ असे ठरवले, तर आमचे काय बिघडते? आम्ही टँकर मागवू. ज्याच्या दारात रात्री दोनला पाणी येते, त्याचे मात्र बिघडते. गठ्ठा फोडून, कोणाची भीड न ठेवता मत देण्याची ऐपत ज्यांना आहे ते आम्हीच. आणि पिढ्यान् पिढ्या बटण तेच दाबतो तेही आम्हीच.

हे सारे बोलणे चालले होते, तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. काका म्हणाले, “आमच्या घरात तरी दोन मते कधी झाली नाहीत.”

काकूंनी कप खाली ठेवला. “तुम्हाला काय ठाऊक?” त्या म्हणाल्या, आणि साखर पुरेशी आहे का, ते मला विचारू लागल्या.