एक गोळी कमी

सांगलीच्या मार्केट यार्डात अण्णांची हळदीची अडत. पोत्यावर कुणाचं नाव आहे, शेतकरी काय सांगतोय, याकडे त्यांचं फारसं लक्ष नसायचं. हळकुंड उचलायचं, कटकन मोडायचं, आतला रंग बघायचा आणि मग बोलायचं. या सवयीवर त्यांनी आयुष्यभर धंदा केला, आणि चांगला केला.

त्यांच्या धाकट्या मुलाच्या नाकातून खपल्या यायला लागल्या, मग रक्त, मग खोकल्यातून रक्त. एक्स-रेत फुप्फुसात पोकळी दिसली. आपल्याकडे फुप्फुसातली पोकळी म्हटलं की पहिलं नाव टीबीचं येतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी लालसर व्हायला लागली तेव्हा कुणी घाबरलं नाही, कारण त्यातल्या एका गोळीने लघवीचा रंग बदलतोच. त्याच रंगाआड खरं रक्त जात होतं. काही महिन्यांनी नाकाचा दांडा बसला, पायाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा कुठे पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात किडनीचा तुकडा काढून तपासला. आजाराचं नाव निघालं ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलीअँजायटिस. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते, त्या सुजतात, आणि नाक, फुप्फुस, किडनी जे वाटेत येईल ते पोळतं. जुनी पुस्तकं त्याला वेगेनरचा आजार म्हणतात.

सूज म्हटल्यावर पाहुण्यांनी हळद-दुधाचा सल्ला दिला. अण्णांच्या घरात हळदीला तोटा नव्हता. उपयोग झाला असता तर पोरगा कधीच आजारी पडला नसता.

पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी नेहमीचे उपचार सुरू केले आणि एका नव्या गोळीच्या चाचणीबद्दल सांगितलं. नेहमीची औषधं सगळ्यांनाच मिळणार. त्यावर जोड म्हणून अर्ध्यांना नवी गोळी, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कोणती, ते संगणक ठरवणार.

धाकट्याच्या आईने विचारलं, "म्हणजे आमच्या पोराला उंदीर करणार का?" प्रश्न रास्त होता. औषधचाचण्यांतल्या हलगर्जीपणाबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सरकारला चांगलंच फैलावर घेतलं होतं, आणि 2019 पासून नवे नियम आले. मॅडम चिडल्या नाहीत. मराठीतला संमतीचा फॉर्म त्यांनी पानापानाने समजावला. कधीही बाहेर पडता येतं, पडलं तरी उपचार थांबत नाहीत, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई. धाकट्याने पानापानावर सही केली.

अण्णांनी मात्र फॉर्मकडे पाहिलंही नाही. ते दुसऱ्या खटपटीत होते. आमदारांच्या पीएचा फोन झाला. देवगड हापूसची पेटी रुग्णालयात पोचली आणि तशीच परत आली. "तेवढी खरी गोळी मिळू दे, बाकी काही मागत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. आपल्या राज्यात शाळेच्या प्रवेशापासून स्मशानातल्या लाकडापर्यंत ज्याची ओळख त्याचं काम, हे ज्याने पाहिलंय त्याने त्यांना हसू नये.

बाटली मिळाली. वर फक्त नंबर. घरी आल्यावर अण्णांनी चष्मा लावला, एक गोळी नखाने मोडली. आत पांढरी. जिभेला लावली. कडूही नाही, गोडही नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माल मोडूनही भाव कळला नाही.

पुढच्या भेटीला उरलेल्या गोळ्या परत न्याव्या लागतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कोऑर्डिनेटर मुलीने बाटली ट्रेमध्ये पालथी केली, चपट्या पट्टीने पाच-पाच गोळ्या बाजूला सारत मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"एक गोळी कमी आहे. जास्तीची घेतली का?"

धाकट्याने वडिलांकडे पाहिलं. अण्णांनी कबूल केलं. मुलीने कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वडिलांनी मोडून पाहिली', आणि त्यांना मॅडमकडे पाठवलं.

"मॅडम, बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो," अण्णा म्हणाले. "बघणाऱ्याला काही कळत नाही, पण त्या दोघांना तरी भाव माहीत असतो. तुम्ही दोघांतल्या एक. मला कानात सांगा की."

"मला माहीत नाही, अण्णा. जिवावर बेतलं तरच तो कोड उघडायचा. आणि समजा, आज उघडला. तुमच्या मुलाला खरी गोळी आहे असं निघालं. ती चांगली बातमी की वाईट?"

"चांगलीच की."

मॅडमनी मग त्यांना अमेरिकेतली गोष्ट सांगितली. याच आजाराची. एटानरसेप्ट नावाचं इंजेक्शन संधिवातावर गुणकारी ठरलेलं, त्यामुळे इथेही चालणार असं जाणकारांनाही वाटत होतं. 180 रुग्ण घेतले. नेहमीचे उपचार सगळ्यांना, वर निम्म्यांना हे इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं पाणी म्हणा. 2005 साली निकाल छापून आला. आजार आटोक्यात ठेवण्यात इंजेक्शनने काहीच भर घातली नव्हती. सहा जणांना गाठीचे कॅन्सर झाले होते, आणि ते सहाही जण खऱ्या इंजेक्शनवाले होते.

"त्यातल्या कुणाच्या वडिलांनी वशिला लावला असता, तर कुठल्या बाजूला लावला असता?"

अण्णा गप्प.

"दुसरं ऐका. मशिनमधून रक्तातला प्लाझ्मा बदलायचा उपचार आम्ही किडनी बिघडलेल्या रुग्णांना वर्षानुवर्षं देत होतो. मीही दिलाय. लोक दागिने मोडून पैसे आणायचे. मग 704 रुग्णांवर चाचणी झाली, 2020 ला निकाल आला. मृत्यू किंवा किडनी कायमची निकामी होणं, यात फरक जवळजवळ नाही. त्याच चाचणीत स्टेरॉइड कमी दिलेल्यांचंही पूर्ण डोसवाल्यांइतकंच भागलं, वर गंभीर जंतुसंसर्ग कमी झाले. आज तुमच्या मुलाला स्टेरॉइड कमी आहे ते त्या लोकांमुळे. त्यातल्या कुणाला आपण कुठल्या गटात पडणार हे निवडता आलं नव्हतं."

"मग नवं सगळं फोलच म्हणायचं?"

"नाही हो. 2010 मध्ये रिटुक्सिमॅब असंच तपासून निघालं, 197 रुग्णांत. जुन्या जहाल औषधाच्या तोडीस तोड ठरलं. मोजल्याशिवाय कुठलं कुठलं ते कळत नाही, एवढंच."

मोजणं हा शब्द अडत्याला कळतो. अण्णांनी त्या दिवशी संमतीचा फॉर्म मागून घेतला आणि परतीच्या एसटीत पेठ नाक्यापर्यंत वाचत आले.

धाकटा आता ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये परत कामाला लागलाय. मध्ये एकदा आजाराने पुन्हा डोकं वर काढलं, पण तो आटोक्यात आला. त्याच्या बाटलीत काय होतं ते अजून कुणालाच माहीत नाही. चाचणी सुरू आहे.

परवा कवठेमहांकाळकडचा एक बेदाण्याचा व्यापारी यार्डात आला. त्याच्या मुलीला हाच आजार निघालाय. इकडेतिकडे बघत त्याने आवाज खाली आणला. "अण्णा, तिथं तुमची ओळख आहे म्हणं?"

"आहे की. तिथली मोजणारी पोरगी मला नावानं ओळखते," अण्णा म्हणाले. "सोबत येतो. फक्त चष्मा आण, वाचायला लई पानं आहेत. आणि आंबे घरीच ठेव."