हाक आणि पारख

नरसीच्या नामदेवांची गोष्ट हिंगोली जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक असते. देव त्यांच्या हातचे जेवला, त्यांच्याशी बोलला. तरीही संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले, तेव्हा कच्चे मडके ठरले ते नामदेवच. प्रत्यक्ष विठ्ठलाशी सलगी असलेल्या माणसाला सांगण्यात आले, आधी गुरू कर. मग ते औंढ्याला आले आणि नागनाथाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबा खेचरांकडून शहाणे झाले. कीर्तनात रंगवतात ते विसोबांचे पाय. मला मात्र गोरोबांचे थापटणे अधिक विचार करायला लावते. देवाने हाक मारली असे एकट्याने म्हणून भागत नाही. ती चारचौघांत वाजवून घ्यावी लागते.

ख्रिस्ती मंडळीत या हाकेला पाचारण म्हणतात. गेल्या दोन हजार वर्षांत पाचारणाची कल्पना बरीच बदलली. देवाचा आवाज कसा असतो यावर त्यात फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो थापटणे कोणाच्या हाती असावे यावर.

बायबलमधल्या शमुवेलाच्या गोष्टीतच हा पेच आहे. रात्री मुलाला हाक ऐकू येते, तो उठून म्हाताऱ्या एली याजकाकडे धावतो. एली म्हणतो, मी नाही बोलावले, जाऊन नीज. तिसऱ्या खेपेला एलीच्या ध्यानात येते की हाक देवाची आहे. ऐकणारा मुलगा, ओळखणारा म्हातारा. आणि निरोप काय, तर एलीच्याच घराण्याचा नाश होणार! आपल्याच मुळावर येणारी हाक खरी असल्याचा निर्वाळा देणारा पारखी पुढच्या इतिहासात क्वचितच भेटतो. पौलाने तर पारख्यांनाच बाजूला सारले. आपले प्रेषितपण माणसांकडून आलेले नाही, असे त्याने गलतीकरांना बजावले.

चौथ्या शतकात चित्र उलटे दिसते. ३७४ साली मिलानमध्ये बिशपच्या निवडीवरून तंटा झाला. तो शमवायला गेलेला प्रांताधिकारी अँब्रोज याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता, पण जमावाने त्यालाच बिशप करा असा घोष लावला. त्याने टाळाटाळ करून पाहिली, चालली नाही. ३९१ साली हिप्पोच्या चर्चमध्ये ऑगस्टिनला लोकांनी धरून पुढे नेले आणि धर्मगुरूची दीक्षा घ्यायला लावली. तो रडत होता. तुला आतून काय वाटते, हे कोणी विचारले नाही. देव बोलतो तो मंडळीच्या तोंडून, अशी ती समजूत होती, आणि पदापासून पळणे हेच पात्रतेचे लक्षण मानले जाई. (आजच्या विश्वस्त मंडळांच्या निवडणुका पाहता ती रीत फार वाईट नव्हती.)

पुढे मठ उभे राहिले आणि पाचारण झालेला म्हणजे संसार सोडलेला, असा अर्थ रूढ झाला. शेतकऱ्याने धान्य पिकवायचे आणि देवाच्या हाकेला ओ साधूने द्यायची. ही वाटणी मार्टिन ल्यूथरने मोडली. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच आहे, असे त्याने १५२० मध्ये लिहिले. चांभाराचे काम आणि आईचे काम हीसुद्धा देवाने सोपवलेली सेवाच ठरली. मराठी वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. मळ्यातच विठ्ठल पाहणारा सावता माळी ल्यूथरच्या दोनशे वर्षे आधी होऊन गेला. पण मला या गोड विचाराची थोडी भीतीही वाटते. देवाने जिथे ठेवले तिथेच राहून सेवा कर, हे वाक्य जातीच्या देशात फार सहज पचते. सावतोबाला मळा होता; चोखोबाला काय होते?

चर्चमध्येही हा प्रश्न सुटलेला नव्हता. पोर्तुगीज गोव्यात युरोपीय धर्मसंघांचे दरवाजे स्थानिक धर्मगुरूंना बंदच होते. बाणावलीच्या जोझे वाझ यांनी स्वतःच्याच लोकांची ऑरेटरी, म्हणजे धर्मगुरूंचा संघ, उभी केली, १६८७ मध्ये मजुराच्या वेषात डचांच्या ताब्यातल्या श्रीलंकेत शिरले आणि तिथल्या विस्कटलेल्या कॅथलिकांना पुन्हा एकत्र आणले. २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. पण त्या ऑरेटरीत प्रवेश होता फक्त ब्राह्मण कुळातल्यांना. बाहेर ठेवलेल्यांनी आत येताच आपल्यामागे कडी घातली! पुढे पोर्तुगीजांविरुद्धच्या १७८७ च्या पिंटोंच्या बंडामागे, वरची पदे मिळत नाहीत म्हणून संतापलेले गोमंतकीय धर्मगुरूच होते.

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी पाचारणाला हिशेबाचे रूप दिले. जोडे शिवणारा विल्यम कॅरी १७९२ मध्ये म्हणाला, ख्रिस्ताची आज्ञा सर्व काळासाठी आहे, मग वेगळ्या आवाजाची वाट कशाला पाहायची? १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉलने सॅम्युएल न्यूएलबरोबर एक पुस्तक लिहिले; त्याच्या नावातच साठ कोटी माणसांचा हक्क मांडलेला होता. हिंगोलीत त्या शतकात निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, ती १९०३ पर्यंत टिकली. मिशनरी हाकेवर आलेला, पण इंग्रज छावण्यांतला पाद्री पगारी नोकर असे. हाक आणि हुद्दा यांची ही सरमिसळ पुढे देशी ख्रिस्त्यांच्या वाट्याला आली.

मराठवाड्याशी जोडलेले नाव नारायण शेषाद्री यांचे. १८४३ मध्ये मुंबईत या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद यालाही तेच हवे होते, पण प्रकरण कोर्टात गेले आणि अल्पवयीन म्हणून मुलगा बापाच्या हवाली झाला. मिशनऱ्याच्या घरी राहिलेल्या त्या पोराला जातीत परत घ्यायचे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर घ्यावे म्हणणाऱ्यांत होते. शमुवेलही लहानच होता, पण त्याच्या वेळी कोर्ट नव्हते. नारायणरावांना दीक्षा मिळाली ती १८५४ मध्ये. पुढे त्यांनी जालन्याजवळ निजामाच्या राज्यात बेथेल नावाचे गाव वसवले. तिथे आले ते मुख्यतः मांग समाजातले लोक. या लोकांपैकी कोणाला आतला आवाज ऐकू आला आणि कोण विहीर, जमीन, शाळा पाहून आले, हा सवाल तेव्हाही केला जाई. मला तो कोत्या मनाचा वाटतो. गाळातून वर काढणारी हाक देवाची नसते, असे कोणी ठरवले?

नारायण वामन टिळकांची पारख मात्र त्यांनी स्वतःच पुन्हा पुन्हा केली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, मग अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये अध्यापन, दीक्षा, पगार, मान सारे मिळाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणाऱ्या या कवीला मिशनचा नोकर ही ओळख टोचू लागली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे काम सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. अनेकांना हा लहरीपणा वाटला. संसाराची ओढाताण पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली, हेही विसरता येत नाही. नवऱ्याला आलेल्या प्रत्येक हाकेची किंमत बायकोनेही मोजली. तरी टिळकांचे पाऊल नीट समजून घ्यायला हवे. सेवा परक्यांच्या पगारातून मोकळी केल्याशिवाय इथल्या माणसाला ती सेवा वाटणार नाही, असे त्यांना दिसले होते. दोन वर्षांतच, १९१९ मध्ये, ते गेले.

पंडिता रमाबाईंना कोणी वाजवून पाहू म्हटले की त्या उलट प्रश्न विचारीत. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही तिथल्या मठातल्या भगिनींशी त्यांचे खटके उडत राहिले. चेल्टनहॅममध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा बेत निघाला, तेव्हा भारतातल्या बिशपांनी विरोध केला. हे त्यांच्या लौकिकाला बाधेल म्हणे. सद्सद्विवेक कोणाकडे गहाण टाकायला रमाबाई तयार नव्हत्या. पुरोहितांचे एक जोखड फेकून दुसरे मानेवर घ्यायचे कशाला, हा त्यांचा रोख होता. दीक्षा त्यांनी मागितली नाही, कोणी देऊही केली नाही. स्त्रियांना ती देण्याचा अधिकार चर्चला नाहीच, असे कॅथलिक पोपने १९९४ मध्येही ठामपणे सांगितले. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनातल्या मुली १९०५ च्या धार्मिक जागृतीत टोळ्या करून गावोगाव शुभवर्तमान सांगत निघाल्या. त्यांच्याकडेही कोणाचा परवाना नव्हता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल आणायला घेतले. १९२२ मध्ये त्या वारल्या. पुस्तक केडगावच्याच छापखान्यात, मुक्तीतल्या बायकांच्या हातून छापले गेले आणि १९२४ मध्ये बाहेर पडले.