कुलूप आणि प्रारब्ध

॥ रामकृष्णहरी ॥

कारखान्यात आग लागली, बॉयलर फुटला, माणसे गेली, की आपल्या तोंडी सहज येते, ‘त्यांचे प्रारब्ध!’ म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण हा शब्द कोणाच्या दुःखासाठी वापरावा, याचा विचार वारकऱ्याने केला पाहिजे. त्यासाठी एक दूरदेशीचा दृष्टांत घेऊ.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी ट्रँगल शर्टवेस्ट नावाचा, बायकांची पोलकी शिवणारा कारखाना होता. दहा मजली इमारतीचे वरचे तीन मजले त्याचे. कामाला बहुतेक पोरीबाळी, पोटासाठी परदेशातून आलेल्या ज्यू आणि इटालियन घरांतल्या. काही जेमतेम चौदा वर्षांच्या. २५ मार्च १९११, शनिवार. काम सुटायची वेळ. आठव्या मजल्यावर चिंध्यांनी पेट घेतला. नवव्या मजल्यावर जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. कशासाठी? तर जाताना सगळ्यांच्या पिशव्या दुसऱ्या दाराशी तपासता याव्यात, कापड चोरीला जाऊ नये! बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळला. बंबाची शिडी सहाव्या मजल्याच्या वर पोचेना. लिफ्ट चालवणाऱ्यांनी जिवावर उदार होऊन फेऱ्या केल्या, म्हणून कित्येकजणी वाचल्या. तरी १४६ जीव गेले. अनेकींनी खिडकीतून उड्या टाकल्या.

सज्जनहो, याला प्रारब्ध म्हणायचे का?

शास्त्र कर्माचे तीन भाग सांगते: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. प्रारब्ध भोगायचे असते. क्रियमाण आपण आत्ता, या घडीला करत असतो. ठिणगी नेमकी कशी पडली, ते देव जाणे. पण कुलूप कशाने लागले, हे देवाला विचारावे लागत नाही. ते माणसाचे क्रियमाण. १९०९ साली त्या शहरातल्या हजारो शिवणकामगार मुलींनी संप केला होता. पुष्कळ मालकांनी तडजोड केली. या मालकांनी कामगारांची संघटना मानलीच नाही. तेही क्रियमाण.

प्रारब्ध हा शब्द आपल्या स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखावर तो टाकला, की त्याचे झाकण होते. तुकोबारायांनी साधू ओळखायची खूण सांगितली, ती पीडितांना आपले म्हणण्याची. त्यांच्या कर्माचा हिशेब मांडण्याची नव्हे.

त्या दिवशी रस्त्यावर फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक बाई उभी होती. तिने ते मरण डोळ्यांनी पाहिले. ती रडून घरी जाऊन बसली नाही. राज्याने चौकशी आयोग नेमला, त्याच्या कामात ती उतरली. आयोगाची माणसे कारखान्या-कारखान्यांत फिरली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तीसहून अधिक कायदे झाले: दारे मोकळी ठेवा, आग विझवण्याची सोय करा, कामाचे तास आवरा. हीच बाई १९३३ साली अमेरिकेची कामगारमंत्री झाली.

आणि मालक? खटल्यात दोघेही निर्दोष सुटले. पुढे १९१३ साली त्यांतल्याच एकाला कामाच्या वेळी दार कुलूपबंद ठेवल्याबद्दल पुन्हा पकडले. दंड झाला वीस डॉलर.

इथे मन थबकते. माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांचे वाकडेपण सुटावे, एवढेच मागितले. आपलेही मागणे तेच. पण १४६ प्रेते पाहूनही ज्याचे मन पालटले नाही, त्याचे मन पालटेपर्यंत कामाला येणाऱ्या पोरींनी काय करावे? म्हणून नियम हवा, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारी कामगारांची एकजूट हवी. प्रार्थना माणसाचे मन उघडते. ते उघडेपर्यंत कायद्याने दार तरी उघडे ठेवावे. या दोहोंत विरोध नाही. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली, तीही नुसत्या हळहळीने मिळाली नाही.

आपल्यात कुणाचे यंत्रमाग आहेत, कुणाची जिनिंग आहे, कुणाचे लेकरू कंपनीत रात्रपाळीला जाते. गळ्यात माळ घालणाऱ्या मालकाने एकादशी जरूर धरावी. पण त्याआधी आपल्या कारखान्याचे मागचे दार उघडते का, ते स्वतःच्या हाताने ढकलून पाहावे. आत जो घाम गाळतो आहे, त्याच्याही हृदयात विठ्ठलच आहे. त्याला कोंडून ठेवून आपण दर्शनाच्या रांगेत कशाला उभे राहायचे?

॥ पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥